वालचंदशेठ आणि आमच्या पद्मिनीचा ब्रेक

मेकॅनिकलच्या पोराने थोरामोठ्यांवर लेख लिहायचा म्हटला की विश्वेश्वरय्या नाहीतर टाटा, हे ठरलेलेच. मीही तेच करणार होतो. पण दिवाळीच्या सुट्टीत घरी कळमनुरीला गेलो आणि आमच्या जुन्या गाडीच्या ब्रेकने मला तिसऱ्याच माणसाच्या दारात नेऊन उभे केले. तो माणूस वारून सत्तर वर्षे उलटली. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, कॉलेजही त्याने अर्ध्यावर सोडले होते. नाव शेठ वालचंद हिराचंद.

आधी गाडीचे सांगतो, नाहीतर शेठजी मध्येच कुठून उगवले असे वाटेल.

आमच्या आबांकडे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आबा तिला अजूनही फियाटच म्हणतात. कागदावर जिल्हा परभणी आहे, कारण हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. गाडी रोज निघत नाही. दसरा, दिवाळी, घरचे लग्न, एवढेच तिचे फिरणे. या दिवाळीत हिंगोलीहून परत येताना मी चालवत होतो, आबा शेजारी बसले होते. पुढे कापसाने भरलेली बैलगाडी होती. ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल सरळ तळाला गेले. पुन्हा मारला, तेच. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि बैलगाडीच्या मागे हातभर अंतरावर गाडी कशीबशी थांबली. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढून धोतराला पुसला.

घरी आल्यावर मात्र आईने निकाल देऊन टाकला. कार्तिकी एकादशीपर्यंत ब्रेक नीट झाला तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात. आबांचा चेहरा पाहवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचाचांनी मागचे डावे चाक काढले. ड्रम आतून ब्रेक ऑइलने भिजलेला. व्हील सिलेंडर गळत होता आणि आतल्या रबराच्या वाट्या फुगून मऊ पडल्या होत्या. चाचांनी वास घेतला आणि सांगितले की मागच्या खेपेला ज्याने काम केले त्याने सिलेंडर रॉकेलने धुतला असणार. ब्रेक ऑइल हे नाव असले तरी ते तेल नसते, ते ग्लायकॉल जातीचे द्रव असते. त्याच्यासाठी केलेल्या रबराला रॉकेल किंवा इंजिन ऑइल लागले की रबर फुगते. आमच्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच हायड्रॉलिक सर्किट. एका चाकातून ऑइल गेले की चारही चाके उघडी. पास्कलचा नियम आपण पहिल्या वर्षी पाठ करतो. तो रस्त्यावर कसा उलटतो ते मला त्या दिवशी कळले.

नुसते किट टाकून भागणार नव्हते. सिलेंडरला आतून गंजाचे खड्डे पडले होते. म्हणून नवा सिलेंडर शोधायला निघालो. हिंगोली झाले, नांदेड झाले. एका दुकानदाराने प्रीमियर नाव लिहिलेले खोके काढून दिले. मी खुशीत घरी आलो. चाचांनी पाइपचा नट हाताने लावून बघितला. दीड आटा गेला आणि अडकला. मी पाना घ्यायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. हाताने जात नाही ते पान्याने घालायचे नाही, हा त्यांचा नियम. नंतर थ्रेड गेज लावला तेव्हा कळले. एक आटा १० मिमीचा, १ मिमी पिचचा. दुसरा ३/८ इंचाचा, इंचाला २४ आटे. म्हणजे ९.५ मिमी आणि पिच साधारण १.०६. डोळ्याला दोन्ही सारखेच. जबरदस्तीने बसवला असता तर बसल्यासारखा दिसला असता आणि पुढच्या बैलगाडीमागे सुटला असता.

त्या दिवसापासून मी वहीत चार गोष्टी लिहून घेतल्या. जुन्या गाडीचा ब्रेकचा भाग ओळखायचा तर गाडीच्या नावावर जायचे नाही, मापावर जायचे. एक, सिलेंडरच्या अंगावर ओतकामात उठलेले आकडे घासून वाचायचे. दोन, आतला व्यास व्हर्नियरने मोजायचा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, आणि ७/८ इंच म्हणजे २२.२ मिमी. फरक जेमतेम ३ मिमीचा. पण जोर क्षेत्रफळावर ठरतो, व्यासावर नाही. पाऊण इंचाच्या जागी ७/८ चा बसवला तर त्या चाकाला ३६ टक्के जास्त जोर लागेल, आणि ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढेल. तीन, आटे गेजने तपासायचे आणि पाइपचे तोंड कसे फुलवलेले आहे ते बघायचे, कारण तिथली बैठक जुळली नाही तर नट कितीही आवळा, गळणारच. चार, भोकांमधले अंतर आणि पिस्टनची लांबी जुन्याशी ताडून बघायची. आणि रबर जुने कधीच वापरायचे नाही, कितीही चांगले दिसले तरी.

हे सगळे मोजून, कागदावर आकृती काढून, फोटो काढून मी मुंबईच्या एका हॉस्टेलमित्राला पाठवले. तो ऑपेरा हाउसच्या बाजूला जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून फिरला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. जुन्या स्टॉकमधला नवाकोरा सिलेंडर मिळाला होता, माप तंतोतंत. दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला विचारले म्हणे, की ही वालचंदशेठची गाडी अजून पळते कुठे? कळमनुरीला पळते हे ऐकून त्यांनी चहा पाजला.

वालचंदशेठची गाडी? आम्ही तर फियाट म्हणतो. मग मी वाचायला बसलो. जसजसा वाचत गेलो तसे एक लक्षात आले. ज्या गाडीचे उत्पादन बंद होऊन वीसहून जास्त वर्षे झाली तिचा एवढासा सिलेंडर मला तीन दिवसांत मिळतो, यामागे एका माणसाचा आयुष्यभराचा हट्ट आहे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणे मूळचे गुजरातमधले, दिगंबर जैन, व्यापारासाठी महाराष्ट्रात येऊन स्थिरावलेले. वडील हिराचंद नेमचंद दोशी कापसाचा व्यापार आणि सावकारी करीत. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. मॅट्रिक सोलापुरात झाले, पुढे कॉलेजात नाव घातले, पण ते शिक्षण अर्ध्यावर सोडून ते घरच्या धंद्यात आले. त्या काळी अशा घरातल्या मुलाने गादीवर बसावे, व्याज मोजावे, ही रीत. याला मात्र गादीवर चैन पडेना.

लक्ष्मणराव फाटक नावाचे एक गृहस्थ होते. रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेले. हिशेब आणि कामाची माहिती फाटकांकडे, भांडवल आणि धाडस वालचंद यांच्याकडे. दोघांची भागीदारी जमली आणि पहिले काम मिळाले ते बार्शी लाइट रेल्वेचे, येडशी ते तडवळे या टापूतले. आपल्या मराठवाड्यातल्या दोस्तांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही. पुढे विमाने आणि जहाजे बांधायला निघालेल्या माणसाची पहिली माती आपल्या धाराशिव जिल्ह्यातली आहे.

त्यानंतर कामे मोठी होत गेली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी नेणारी तानसाची जलवाहिनी, आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी. पण मोठे काम मिळवणे आणि पूर्ण करणे एवढ्यावर हा माणूस थांबला असता तर तो श्रीमंत ठेकेदार म्हणून संपला असता. त्याला खुपत होती दुसरीच गोष्ट. रूळ विलायतेचे, इंजिन विलायतेचे, यंत्र विलायतेचे आणि ते बिघडले तर सुटा भागही विलायतेहून यायचा. आपण फक्त माती वाहायची.

१९१९ साली पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धात जखमी सैनिकांसाठी दिलेले इस्पितळ-जहाज विकायला निघाल्याची बातमी वालचंद यांच्या कानावर आली. जहाजाचे नाव लॉयल्टी. जहाजाच्या धंद्यातले त्यांना ओ की ठो कळत नव्हते. तरी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली तेव्हा वालचंद स्वतः तिच्यावर होते. आपला राष्ट्रीय सागरी दिन ५ एप्रिलला असतो तो याच प्रवासामुळे.

पण समुद्रावर आधीच इंग्रज कंपन्यांचे राज्य होते, आणि त्यांचा म्होरक्या होता लॉर्ड इंचकेप. या कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की नव्या कंपनीने बुडावे किंवा विकून मोकळे व्हावे. सिंदिया विकत घ्यायची तयारीही त्यांनी दाखवली. वालचंद विकायला तयार झाले नाहीत. १९२३ मध्ये मात्र तडजोड करावी लागली. दहा वर्षे मर्यादेत राहून, ठरलेल्या टनेजपुरताच, किनाऱ्यावरचा माल वाहायचा अशा अटी होत्या. करार अपमानाचा होता. पण कंपनी जिवंत राहिली, आणि त्या दहा वर्षांत शेठजींच्या डोक्यात पक्के बसले की दुसऱ्याची जहाजे विकत घेऊन चालणार नाही, आपला जहाज कारखाना हवा.

या माणसाची ही सवयच दिसते. एका दारात अडवले की तो घरी जात नसे, बाजूचे दार ठोठावत असे. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला त्याने उसाची शेती आणि साखर कारखाना काढला. रावळगावच्या गोळ्या आपल्यापैकी किती जणांनी एसटी स्टँडवर घेतल्या असतील! नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर इंदापूर तालुक्यात कळंबजवळ दुसरा कारखाना उभा राहिला, त्याभोवती गाव वसले, तेच वालचंदनगर. तिथे नुसती साखर झाली नाही, साखरेची यंत्रेही होऊ लागली. पुढे त्याच गावात सिमेंट कारखान्यांची यंत्रे झाली, अणुऊर्जा आणि अवकाश कार्यक्रमांसाठी अवघड भाग झाले. यंत्र मोडले की सुटा भाग गावातच घडवायचा, ही सवय पुढे कुठवर नेते ते यावरून दिसते.

आता मोटारीकडे येतो. त्या काळी हिंदुस्थानात मोटारी जोडल्या जात नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला कारखाना टाकला होता. फोर्डही आले होते. पण ते काम म्हणजे खोक्यातून आलेले तुकडे एकमेकांना जोडायचे. एक बोल्ट कमी पडला तरी अमेरिकेकडे तोंड करून बसायचे. वालचंद यांना मोटार इथे घडवायची होती. विश्वेश्वरय्यांच्या मनातही हेच होते. त्यांनी युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून योजना तयार केली होती. आपण दर वर्षी १५ सप्टेंबरला ज्यांच्या फोटोला हार घालतो तो बुजुर्ग इंजिनिअर आणि सोलापूरचा हा कॉलेज सोडलेला शेठजी एकाच स्वप्नामागे होते, हे मला तरी माहीत नव्हते.

१९३९ मध्ये शेठजी याच मोटारीच्या कामासाठी अमेरिकेला निघाले. वाटेत विमानात विल्यम पॉली नावाचा अमेरिकन भेटला. त्याचा धंदा विमानांचा. गप्पा सुरू झाल्या मोटारीवरून आणि पोचल्या विमानाच्या कारखान्यावर. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन आणि पैसा दिला, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. तीच आजची एचएएल, जिच्या कॅम्पस मुलाखतीसाठी आपण टाय बांधून रांगेत उभे राहतो. पुढच्याच वर्षी तिथे जोडलेले पहिले विमान उडाले. १९४१ च्या जूनमध्ये विशाखापट्टणमला जहाज कारखान्याची पायाभरणी राजेंद्रबाबूंच्या हस्ते झाली. एकाच माणसाने दोन वर्षांच्या आत आकाशात आणि समुद्रात पाया घातला.

मोटारीचे काम मात्र अडत होते. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी जमली होती. पण यंत्रे आणायला परवानगी आणि सरकारचे पाठबळ, दोन्हीसाठी दिल्लीच्या दारात थांबावे लागत होते, आणि युद्ध चालू असताना इंग्रज सरकारला हा कारखाना गरजेचा वाटत नव्हता. विमानाचा कारखानाही हातात राहिला नाही. १९४२ मध्ये सरकारने वालचंद यांचे भाग विकत घेऊन तो पूर्ण ताब्यात घेतला. उभे केलेले हातातून गेले आणि मनातले उभे होईना, अशी ती वर्षे होती. ते साठीला आले होते. आपल्याकडे या वयात माणूस काशीयात्रेची चौकशी करतो. शेठजींनी १९४४ मध्ये कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली.

१९४७ मध्ये कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो मोटारी आणि फार्गो ट्रक, सगळी क्रायस्लरची घराणी. तेव्हा आमचे कळमनुरी अजून निजामाच्या राज्यात होते. क्रायस्लरचे नाव आले म्हणून ब्रेकची एक गोष्ट सांगून टाकतो. चारही चाकांना ऑइलच्या दाबाने ब्रेक लावायची युक्ती माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाची. आधी ती महागड्या गाड्यांत आली. साधारण किमतीच्या मोटारीत ती नेहमीची म्हणून दिली ती क्रायस्लरने, १९२४ साली. तेव्हा कुर्ल्याच्या डॉजमध्ये जो ब्रेक होता त्याच जातीचा ब्रेक आमच्या पद्मिनीत आहे. चाचा ज्याला लॉकीट म्हणतात तो शब्द याच लॉकहीडचा असावा असा माझा अंदाज आहे.

खरे सांगायचे तर सुरुवातीला कुर्ल्यातही जोडणीच होत होती. खोकी अमेरिकेतूनच येत होती. फरक हेतूचा होता. आज जोडू, उद्या एकेक भाग इथे करू, असा कार्यक्रम आखलेला होता. फियाटशी हातमिळवणी झाली आणि पन्नाशीच्या सुरुवातीला छोटी फियाट ५०० ही कुर्ल्यात तयार होऊ लागली.

पण हे पुढचे दिवस शेठजींच्या वाट्याला फारसे आले नाहीत. विशाखापट्टणमच्या कारखान्यातले पहिले जहाज जलउषा १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात गेले, तो सोहळा त्यांच्या हयातीत झाला. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतले. पत्नी कस्तुरबाई शेवटपर्यंत जवळ होत्या. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचे निधन झाले. वय ७० वर्षे.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांच्याकडे देशात भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही, नुसती जोडणी आहे, त्यांनी तीन वर्षांत गाशा गुंडाळावा, असे धोरण ठरले. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचे दार लावले. फोर्डही गेले. प्रीमियर राहिली, कारण तिच्याकडे तो कार्यक्रम होता. शेठजी ज्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षे दिल्लीत वाद घालत होते ती गोष्ट दिल्लीने मान्य केली तेव्हा ते नव्हते.

नंतरची कथा आपल्या आजोबांना पाठ आहे. १९५४ च्या सुमारास फियाट ११०० आली. तिच्या गोल पाठीमुळे लोक तिला डुक्कर फियाट म्हणत. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची ११०० डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तिचेच नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाले. इंजिन तेच, १०८९ सीसीचे. आजूबाजूला सुटे भाग बनवणारे कारखाने वाढले. १९६२ मध्ये मद्रासजवळ ब्रेक्स इंडिया निघाली, आणि देशभर लहान लहान शेडमध्ये किट, लायनर, सिलेंडर होऊ लागले.

यात एक गंमत आहे आणि एक दुखणेही आहे, ते लपवून चालणार नाही. परवान्यांच्या काळात स्पर्धा नव्हती. गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, आणि कंपनी तीच गाडी तीन दशकांहून जास्त काळ थोड्याफार फरकाने काढत राहिली. जग पुढे गेले, आपण ११०० वरच अडलो. मारुती आल्यावर त्याची किंमत कळली. वालचंद यांना घडवणे हवे होते, थांबणे नव्हे. पण त्या थांबण्याचीच एक बाजू अशी की एकच सिलेंडर लाखो चाकांना लागत राहिला. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनी तर बाजार भरून टाकला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती थांबली. टॅक्सी थांबल्या, पण त्यांच्यासाठी भरलेला माल अजून कुठे कुठे फळीवर आहे. आमचा सिलेंडर त्यातलाच. जवळ हात पोचला नाही तरी रस्ता आहे. जुना सिलेंडर लेथवर मोठा करून आत नवी स्लीव्ह ठोकून मूळ मापाला आणता येतो, ब्रेक शूला नवे लायनर चढवता येते. पण मूळ माप ठाऊक हवे. मापच हरवले तर गाडी हरवली. आणि जुना ड्रम उघडला की फुंकर मारून धूळ उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, ते छातीत जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसा.

ट्रॅव्हल्सच्या गाडीने पार्सल आले ते एकादशीच्या आदल्या दिवशी. चाचांनी नट हाताने लावला. शेवटपर्यंत गेला. मग पाना लावला. दोन्ही मागच्या चाकांना नव्या वाट्या घातल्या, ऑइल सगळे बदलले. आबा पेडल मारत होते, मी खाली पडून नळीतून बुडबुडे मोजत होतो. बुडबुडे थांबले तसे आबांचे पेडल वर, घट्ट उभे राहिले. त्यांनी ते दोनदा मारून बघितले, तिसऱ्यांदा उगाच मारले.

एकादशीला आम्ही नर्सी नामदेवला गेलो. आई मागच्या सीटवर बसली होती. आधी गल्लीत, मग मोकळ्या रस्त्यावर मी चार वेळा ब्रेक लावून दाखवला. चौथ्यांदा तिने डोक्यावरचा पदर सावरत मला आता पुरे असे सांगितले. भंगाराचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

सांगलीच्या १९४७ साली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे वालचंद यांचे नाव देण्यात आले. सोलापुरातही त्यांच्या नावाची संस्था आहे. २००४ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. पण मला विचाराल तर त्यांचे खरे स्मारक इतके मोठे नाही. ते मुठीत मावते. विमान कंपनी सरकारने घेतली, जहाज कारखाना सरकारकडे गेला, सिंदिया कंपनी राहिली नाही, कुर्ल्यातून गाड्या निघणे कधीच बंद झाले. उरला तो हा हट्ट, की जे वापरायचे ते घडवताही आले पाहिजे आणि मोडले तर इथेच दुरुस्त करता आले पाहिजे.

आपण प्रोजेक्टसाठी बाजारातून तयार मॉड्यूल आणतो, वायरी जोडतो, वर कॉलेजचे स्टिकर लावतो आणि व्हायवाला आपण बनवले म्हणून सांगतो. मीही सांगितले आहे. या वर्षी मी ठरवले आहे की प्रोजेक्टमधला निदान एक भाग, मग तो केवढासाही असो, माप घेऊन, आकृती काढून, वर्कशॉपच्या लेथवर स्वतः करायचा. बिघडला तर बिघडला. पुन्हा करू.

व्हर्नियर लॅबमधून घेऊन गेलो होतो, तो परत केला आहे, हे आमच्या लॅब असिस्टंट सरांनी कृपया वाचावे.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)